डाव्या हाताची दोन बोटं

माझ्या मावशीला तिच्या शिकवणीची मुलं पाठीमागे ‘हवालदार’ म्हणायची. ते नाव मीच ठेवलं होतं. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि सख्खी भाची असल्यामुळे मला इतरांच्या दुप्पट बोलणी बसायची, तेव्हा एवढा हक्क माझा होताच. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून कीबोर्ड, त्याच्यापुढे गोल स्टूल, आणि स्टुलाच्या डाव्या बाजूला मावशी उभी, हातात लाकडी फूटपट्टी. वाजवताना डावा हात जरा वर उचलला गेला की फूटपट्टी मनगटावर टक्‌ करून पडायची. लागायची नाही फारशी, पण बाकावर आपल्या नंबराची वाट बघणारी मुलं खिदळायची आणि ते मात्र लागायचं.

“डाव्या हातानं जागा सोडायची नाही,” ती म्हणायची. “उजवा हिंडेल, फिरेल, नखरे करेल. डाव्यानं घरी बसायचं.”

चौदाव्या वर्षी मी ती फूटपट्टी तिच्या हातातून हिसकावून घेतली, गुडघ्यावर मोडायला गेले, मोडली नाही, तशीच टाकून घरी निघून आले आणि नंतर कीबोर्डाला हात लावला नाही. आम्ही दोघी एकाच मातीच्या, असं आई म्हणते. मला ते मान्य नाही. मावशी जास्त हट्टी आहे, आणि मी सांगणार आहे ते त्या हट्टाबद्दलच.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी चार ओळी सांगते. कंटाळा आला तरी वाचा, कारण पुढची सगळी भानगड त्यावरच आहे. मावशीचा कीबोर्ड ‘अ‍ॅरेंजर’ जातीचा. म्हणजे एका माणसात आख्खा बँड. उजव्या हातानं गाण्याची चाल वाजवायची. डाव्या हातानं तीन पट्ट्या एकदम धरायच्या, समजा सा-ग-प. हा झाला कॉर्ड. यंत्र तो ओळखतं आणि त्याला धरून ड्रम, बेस, गिटार असं सगळं आपलं आपण वाजवत राहतं. कॉर्ड बदलला की मागचा सगळा बँड बदलतो. कीबोर्डाच्या डावीकडच्या भागात एक न दिसणारी हद्द असते. तिच्या अलीकडे जे वाजतं ते यंत्र हुकूम म्हणून ऐकतं, पलीकडे काय चाललंय त्याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. मावशीची तीस वर्षं या हद्दीच्या जिवावर गेली होती.

आमच्या घरापासून दोन बसस्टॉपवर वाचनालय आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर एक हॉल आहे. लाकडी जमीन, भिंतीला लावलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाचं मोठं पिंप. दर रविवारी दुपारी चार ते सहा तिथे वय झालेली जोडपी नाचायला येतात. तीन ठोक्यांवर गोल फिरायचा वॉल्ट्झ असतो, हळू चालीचे एक-दोन प्रकार असतात, आणि गुडघे बरे असतील त्या दिवशी थोडं जोरातलंही. मावशी तिथे एकोणीस वर्षं वाजवत होती. वाजवताना तिची नजर पट्ट्यांवर नसायची, लोकांच्या पायांवर असायची. कुणाला धाप लागलीय, कुणाचं आज भांडण झालंय, कुणाचा बूट चावतोय, हे तिला वरच्या अंगाकडे न बघता कळायचं. एखादं जोडपं हॉलच्या पलीकडच्या टोकाला असेल तर ते खुर्चीपर्यंत पोचेस्तोवर ती गाण्याचा शेवट लांबवायची.

त्यातल्या एका निवृत्त पोस्टमनच्या बायकोची नजर गेली होती. अगदी अंधार नव्हता, कडेकडेचं थोडं दिसायचं, समोरचं काही नाही. मी त्यांना पोस्टमनकाकू म्हणते. नवरा नाचताना त्यांना ओढायचा आणि त्यांना ते आवडायचं नाही. त्या बेस, म्हणजे बँडचा सगळ्यात खालचा जाड सूर, ऐकून पावलं टाकायच्या. वॉल्ट्झमध्ये वळायची वेळ आली की मावशी बेस पायरीपायरीनं खाली आणायची, सा, नी, ध, प. प आला की काकू वळायच्या. नवऱ्याच्या आधी वळायच्या, आणि मग त्यांना जो आनंद व्हायचा तो लपायचा नाही. हे त्यांनी स्वतःच एकदा मावशीला सांगितलं होतं. त्यानंतर मावशीनं एकही वॉल्ट्झ त्या चार पायऱ्यांशिवाय वाजवला नाही.

आणि मग ती पडली. कीबोर्डाचा लोखंडी स्टँड घेऊन जिन्यावरून खाली येत होती. काका, म्हणजे तिचे यजमान, “थांब, मी घेतो” असं म्हणाले होते, म्हणूनच तिनं तो उचलला होता. डावं कोपर मोडलं आणि कोपरापाशी असलेली नस दुखावली. प्लास्टर निघालं तेव्हा शेवटची दोन बोटं तळहाताकडे वळून बसली होती आणि मधलं नावापुरतं हलत होतं. अंगठा आणि तर्जनी तेवढी शाबूत. तीन महिने व्यायाम झाले, रबराचे चेंडू दाबून झाले. शेवटी डॉक्टर म्हणाले, “यायचं तेवढं आलं. आता आहे त्यात भागवायचं.”

मावशीनं हात स्वेटरच्या खिशात घातला. घालून ठेवलाच. जेवताना खिशात, पाहुणे आले की खिशात, उकाड्यातसुद्धा स्वेटर. शिकवणी बंद केली. काकांनी एकदा नुसता हात धरायचा प्रयत्न केला तर त्यांच्यावर अशी उखडली की बिचारे दोन दिवस गॅलरीतच बसून होते. काका बस चालवायचे. पस्तीस वर्षांत एकदाही गाडी घासली नाही असा माणूस, आणि घरी बायकोसमोर मात्र कायम रिव्हर्समध्ये.

हॉलच्या दारात एक फळा असतो. ‘कीबोर्ड: मावशी’ असं त्यावर एकोणीस वर्षं लिहिलेलं होतं. तिथलं ‘मावशी’ हे तिचं जगासाठीचं नाव. आता तिथे ‘संगीत: रेकॉर्डवरून’ आलं. हॉलचा मॅनेजर फोन स्पीकरला जोडून द्यायचा आणि गाणी आपापली वाजत राहायची. मावशी एका रविवारी काकांबरोबर गेली, खुर्चीत बसून सगळं बघितलं आणि निघताना मॅनेजरपाशी थांबली. मी बरोबर होते.

मॅनेजर वाईट माणूस नाही. म्हणाला, “मावशी, तुम्ही आता आराम करा. या, बसा, चहा घ्या. आणि खरं सांगू का, मशीनच वाजवायचं ना सगळं? मग मशीन काय नि रेकॉर्ड काय.”

“रेकॉर्डला डोळे नाहीत,” मावशी म्हणाली. “आज पोस्टमनची बायको बसून होती. दोन तास. बघितलंत?”

त्यानं बघितलं नव्हतं.

“मला एक रविवार द्या.”

त्यानं खिशाकडे नजर टाकली आणि लगेच वळवली. मग म्हणाला, “पुढच्या महिन्यातला शेवटचा रविवार. वाचनालयाच्या समितीची माणसं येणार आहेत, त्यांच्यासमोरच होऊ दे. जमलं तर जागा तुमची. नाही जमलं तर मात्र पुन्हा हा विषय नको.”

“नको,” मावशी म्हणाली. आमच्याकडे सात आठवडे होते. ‘आमच्याकडे’ असं मी आत्ता म्हणते. तेव्हा मी फक्त गाडीत मागे बसले होते.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दुपारी तीनला सुटते. दुसऱ्याच दिवशी सुटल्यावर मावशीकडे गेले, कशी आहे बघायला म्हणून, तर ती एका बोटानं वाजवत होती. या वाद्यात नवशिक्यांसाठी एक सोय असते. एक पट्टी दाबली की यंत्र त्या सुराचा पूर्ण कॉर्ड समजून घेतं. गोड वाजत होतं. मी तसं म्हणाले.

“गोड वाजतंय,” ती म्हणाली, “पण बेस माझ्या हातात नाही. सा दाबला की हा सा वरच बसतो. पायऱ्या उतरतच नाही. काकूंनी कशावर वळायचं?”

“दुसरं काही वाजव त्यांच्यासाठी.”

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा दहा वर्षांची झाले.

मग मी कपाटातून त्या यंत्राचं माहितीपुस्तक काढलं. अकरा वर्षांत ते उघडलं गेलं नव्हतं, पानं एकमेकांना चिकटली होती. मावशीच्या मते माहितीपुस्तक वाचणं म्हणजे स्वतःच्या घरात पत्ता विचारत फिरणं. ‘कॉर्ड ओळख’ या भागात शेवटी दहा ओळी होत्या. पूर्ण कीबोर्ड. हा पर्याय निवडला की हद्द उठते. यंत्र डावं-उजवं न बघता सगळीकडे कान लावतं. कुठल्याही तीन पट्ट्या एकदम दाबल्या की त्यांचा कॉर्ड ओळखतं आणि सगळ्यात खालची पट्टी जी असेल तीच बेस धरतं.

मी ते दोनदा वाचलं. मग मोठ्यानं वाचलं.

“तो पियानोवाल्यांचा पर्याय आहे,” मावशी म्हणाली. “दोन्ही हात धडधाकट असलेल्यांचा.”

“अगं, उलट! डाव्या हाताची दोनच बोटं लागतील. तर्जनीनं बेस, अंगठ्यानं दुसरा सूर. तिसरा सूर उजव्या हातानं द्यायचा, चालीतच घालून. सा आणि प डावीकडून, ग उजवीकडून. यंत्राला काय कळतंय कुठल्या हाताचा कोण!”

ती स्टुलावर बसली, खिशातून हात काढला. मी तो पहिल्यांदाच नीट बघितला. मला वाईट वाटलं, आणि चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी पुस्तकात डोकं घातलं. तिनं तर्जनी सा वर ठेवली, अंगठा प वर, उजव्या हाताच्या करंगळीनं वरचा ग दाबला. बँड सुरू झाला. तर्जनी एक पट्टी खाली सरकवली, नी. बेस खाली उतरला. मग ध. मग प.

“पडदा लाव,” ती म्हणाली.

“का?”

“रस्त्यावरून दिसतं. आणि ह्यांना सांग, बाजारात जाऊन या.”

काका घरातच होते आणि बाजारातून नुकतेच आले होते. ते निमूटपणे पुन्हा गेले.

पहिले दोन आठवडे आमचे नुसते भांडणात गेले. पर्याय सापडला म्हणजे काम झालं, असं मला वाटलं होतं. ते साफ चुकीचं होतं. हद्द उठली, म्हणजे मावशीचा उजवा हातही आता यंत्राच्या नजरेत आला. तीस वर्षं तो बिनधास्त हिंडलेला. मनात आलं की चालीला खालून दोन सूर जोडायचा, तीन पट्ट्या एकदम दाबून झुलवायचा. आता तीन पट्ट्या दाबल्या की यंत्र ते हुकूम समजायचं आणि बँड भलतीकडेच पळायचा. ते सगळे नखरे बंद करावे लागले. तेही तिनं केलं. एकेक गाणं घेतलं, कुठल्या ठिकाणी कॉर्ड बदलतो तिथे उजव्या हातानं कुठला सूर घालायचा ते ठरवलं आणि वहीत लाल पेननं खुणा केल्या. साठ गाणी होती. सकाळी सात ते नऊ ती एकटी बसायची, दुपारी माझ्यासमोर.

पण एक चूक काही केल्या जाईना. कॉर्ड बरोबर लागायचा, दोन ठोके सगळं छान, आणि तिसऱ्या ठोक्याला बेस उडी मारायचा. डावीकडे सा-प, उजवीकडे चालीत जाता जाता ध लागला की गेलं. मावशी यंत्राला नावं ठेवायची. मी वायर हलवून बघितली. एकदा तर तिनं चक्क यंत्राला फडकं मारलं. शेवटी मी तिच्या शेजारी, डाव्या बाजूला, जिथे ती उभी राहायची तिथे जाऊन उभी राहिले, आणि मला दिसलं. कॉर्ड लागल्यावर तिचा डावा हात पट्ट्यांवरच होता. सा आणि प दाबलेलेच. वर चालीतला कुठलाही एक सूर आला की तीन झाले. यंत्राला वाटायचं, नवा हुकूम आला, आणि खालचा सा तोच असला तरी ते बेसची चाल मधूनच तोडून नव्यानं सुरू करायचं.

“मावशी,” मी म्हणाले, “हात उचल.”

“काय?”

“कॉर्ड लागला की डावा हात उचलायचा. नवीन तीन सूर मिळेपर्यंत यंत्र जुनाच धरून ठेवतं. तुला धरून बसायची गरज नाही. दाबायचं आणि उचलायचं.”

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आयुष्यभर जपून ठेवणार आहे. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी फार बरं वाटलं. मनगटावरच्या सगळ्या टकटकींची भरपाई व्याजासकट झाली.

तिला मात्र ते जमेना. हात उचलायचा हे डोक्याला कळत होतं, हाताला कळत नव्हतं. तीस वर्षं जो घरी बसला त्याला म्हणे आता दर ठोक्याला बाहेर पड. ती म्हणाली, “फूटपट्टी आण. उचलला नाही की मार.”

“मी नाही मारणार.”

“मार म्हणते ना! तुझ्या मनात आहेच.”

फूटपट्टी कपाटामागे होती, माझ्या गुडघ्याच्या प्रयत्नानं थोडी वाकलेली. मी ती आणली, दोनदा हलकेच टेकवली आणि तिसऱ्यांदा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी फूटपट्टी खिडकीत ठेवून दिली. तेवढ्यात दारातून काका बोलले. ते बाजारात गेलेलेच नव्हते. रोज दाराबाहेर पायरीवर बसून ऐकायचे, हे आम्हाला तेव्हा कळलं.

“अगं, इंडिकेटर आहे तो,” काका म्हणाले.

“तुम्हाला कुणी विचारलंय?” मावशी.

“नाही विचारलं. पण रोज ऐकतोय. वळायच्या आधी इंडिकेटर देतो ना आपण? गाडी वळली की बंद करतो. तू वळल्यावरही चालूच ठेवतेस. मागचा गोंधळणारच की. वळलीस? मग बंद कर.”

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता बिचारे पुन्हा गॅलरीत. पण ती वळली, सा-प-ग दाबलं, हात उचलला आणि पुटपुटली, “बंद.” मग नी. “बंद.” मग ध. “बंद.” त्या दुपारी तिनं ते चारशे वेळा तरी केलं असेल. दुसऱ्या दिवशी पुटपुटणं थांबलं. पाचव्या दिवशी हात आपोआप वर जायला लागला. काकांना आत बसायची परवानगी मिळाली, पण उजव्या बाजूला. डाव्या बाजूनं हात दिसतो म्हणून.

आणि खरी अडचण तीच होती. मला ती उशिरा कळली. हात उचलायचा म्हणजे तो सगळ्यांना दिसणार. खिशातला, पडद्याआडचा तो हात दर दोन ठोक्यांनी वर येणार, दोन बोटं उघडी आणि बाकीची आत वळलेली. मी तिला तसं विचारलं नाही. तिनं पण काही काढलं नाही. फक्त शेवटच्या आठवड्यात एक जाड पुठ्ठा आणला आणि वहीच्या स्टँडला डावीकडून असा बांधला की समोरून फक्त तिचा चेहरा आणि उजवा खांदा दिसावा.

“वारा लागतो पानांना,” ती म्हणाली. हॉलच्या खिडक्या कधीच उघडत नाहीत.

रविवारी काकांनी कीबोर्ड जिन्यानं एकट्यानं वर नेला. मावशीला हात लावू दिला नाही, आणि तिनं लावायचा हट्टही केला नाही. समितीचे तिघं मागच्या खुर्च्यांवर बसले होते. मॅनेजरचा फोन स्पीकरला जोडलेलाच होता. “असू दे, लागला तर,” तो म्हणाला. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. जोडपी नेहमीपेक्षा जास्त होती. पोस्टमन आणि काकू अगदी पुढे, काकूंनी सात महिन्यांनी नाचाचे बूट घातले होते. मी मावशीच्या डाव्या बाजूला पानं उलटायला उभी राहिले.

पहिलाच वॉल्ट्झ. सुरुवात सुरेख झाली. लोक हसायला लागले, जमिनीवर बुटांचा आवाज येऊ लागला. मावशीचा हात कॉर्ड दाबून वर येत होता, पण पुठ्ठ्याच्या वरच्या कडेपर्यंत आला की थबकत होता. मग समितीतला एक जण नीट दिसावं म्हणून खुर्चीतून उठून पुढे, डावीकडे सरकला. मी मावशीच्या मानेवरची शीर ताठ झालेली बघितली. तिचा हात पट्ट्यांवर उतरला तो उतरलाच. पुठ्ठ्याआड, सा आणि प वर, घट्ट.

चालीत ध आला. बेसनं उडी मारली.

पोस्टमनकाकू वळल्या. वळायची जागा नव्हती ती. शेजारच्या जोडप्यावर आदळल्या, तिथेच थांबल्या आणि एक हात पुढे धरून, जमीन कुठे आहे हे शोधावं तशा, पाय चाचपडत राहिल्या. मॅनेजर फोनकडे निघाला. ड्रम आपले वाजतच होते, यंत्राला त्याचं काय.

“इंडिकेटर!” मागून काका केवढ्यानं तरी ओरडले. समितीतला दुसरा एक जण दचकून उठला आणि आपली गाडी बघायला खिडकीशी गेला.

मावशीनं मात्र काकूंच्या पायांकडे बघितलं. किती वेळ, मला सांगता येणार नाही, फार तर चार ठोके. मग तिनं उजव्या हातानं पुठ्ठ्याची दोरी ओढली, पुठ्ठा काढला आणि माझ्या हातात दिला. स्वेटर काढला, तोही माझ्या हातात दिला. ड्रम चालूच होते. ती मोठ्यानं म्हणाली, “काकू, चुकी माझी. पहिल्यापासून घेते. तुम्ही उभ्या राहा तशाच.”

मावशीच्या तोंडून ‘चुकी माझी’ हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकले. काकांनीही पहिल्यांदाच ऐकले असणार, कारण ते एकदम खाली बसले.

सा-प डावीकडून, ग उजवीकडून, आणि हात वर. चांगला खांद्याच्या वर. सगळ्या हॉलला दिसेल एवढा. पुन्हा खाली, पुन्हा वर. ध आला आणि गेला, बेस जागचा हलला नाही. लोकांनी बघितलं, थोडे बघतच राहिले, पण पाय नाचत असले की माणसाला फार वेळ बघता येत नाही. मग वळण आलं. सा. हात वर. नी. हात वर. ध. हात वर. आणि प. पोस्टमनकाकू वळल्या, नवऱ्याच्या आधी, अर्ध्या पावलानं आधी, आणि मागे वळून त्याला काहीतरी बोलल्या. तो हसला. मी पुठ्ठा छातीशी धरून रडत होते आणि पान उलटायचं विसरले. मावशीला पानाची गरज नव्हती.

दोन तासांत तिनं तेवीस गाणी वाजवली. दोनदा बेस चुकला, पण तिनं दोन्ही वेळा एका ठोक्यात सावरला. शेवटच्या गाण्यात एक म्हातारं जोडपं हॉलच्या पलीकडच्या टोकाला होतं, त्यांच्यासाठी तिनं शेवट लांबवला. दोघं खुर्चीत टेकले तेव्हा बँड थांबवला. मॅनेजर तोवर स्पीकरपाशी उभा होता. त्यानं फोनची वायर काढली, गुंडाळून खिशात ठेवली आणि दाराकडे गेला. समितीची माणसं आपसात बोलत होती. मावशीनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती स्टुलावरच बसून होती, दमलेली, हात मांडीवर. तिची नजर सवयीनं स्वेटरकडे गेली. स्वेटर माझ्याकडे होता आणि मी तो दिला नाही.

पोस्टमनकाकू नवऱ्याचा दंड धरून आल्या.

“पहिल्यांदा चुकवलंत मला,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“नंतर काय केलंत? बेस असा मोकळा कधी लागला नव्हता. एकेक पायरी वेगळी.”

“हात उचलते आता मधेमधे.”

“सगळे म्हणतायत हात, हात. मला कुठे दिसतोय? द्या इकडे.”

काका दोन पावलं मागे थांबले. मावशीनं डावा हात पुढे केला. काकूंनी तो दोन्ही हातांत घेतला, सावकाश चाचपला, अंगठा, तर्जनी, मग आत वळलेली बोटं, एकेक करून.

“दोनच?”

“दोनच,” मावशी म्हणाली. “बाकीचं उजवा सांभाळतो.”

“बरं. पुढच्या रविवारी मला दोनदा वॉल्ट्झ हवा. सात महिने बसवून ठेवलंत.”

“तीनदा वाजवते.”

दारात मॅनेजर फळ्यावर लिहीत होता. खडूचा आवाज येत होता, पण मावशी तिकडे वळली नाही, कारण काकूंनी हात सोडला नव्हता. चहा आला. मावशीनं कप उजव्या हातात घेतला, डावा काकूंच्या हातातच राहू दिला, आणि काकांना म्हणाली, “तुम्ही असे लांब का उभे? या ना इकडे. डावीकडे बसा.”